कुलपातला गुरखा

आमच्या गल्लीच्या गुरख्याला त्याची बायको रोज सकाळी कुलूप लावून कामाला जायची. बाहेरून कडी, कडीला कुलूप, किल्ली तिच्या कमरेच्या पिशवीत आणि आत गुरखा. नव्या माणसाला हे सांगितलं की तो आधी हसायचा आणि मग त्या बाईकडं संशयानं बघायचा. संशय घेण्यासारखं त्यात काही नव्हतं. रात्रभर जागलेल्या माणसाला दिवसा झोप लागते, आणि हिंगोलीत उघड्या दाराच्या घरात दिवसा झोपणं कुणाला जमलंय? भंगारवाला दार वाजवतो, वर्गणीवाले वाजवतात, चटई विकणारा तर सरळ आत येऊन चटई अंथरूनच दाखवतो. कुलूप दिसलं की सगळे मुकाट पुढं जातात. मनमायानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, हा उपाय शोधून काढला होता आणि कित्येक वर्षं तो बिनबोभाट चालला. दुपार कलली की ती मेसची भांडी घासून परत यायची आणि कुलूप काढायची, तोवर याची झोप पुरी झालेली असायची. "अरे, आत आग लागली म्हंजे?" असं माझ्या आईनं एकदा विचारलं होतं. तो म्हणाला, "आई, आमच्याकडं जळण्यासारखं हाय काय?"

गल्लीत त्याला सगळे गुरखाच म्हणायचे. नाव विचारायची गरज कुणाला पडली नव्हती, आणि कुणी विचारावं अशी त्यालाही हौस नव्हती. बुटका, रुंद खांद्यांचा, कानांजवळचे केस पिकलेले, अंगात खाकी कोट. तो कोट मे महिन्यातही निघत नसे. पहाटेची शेवटची फेरी झाली की तो आमच्या ओट्यावर टेकायचा, आई त्याला चहा द्यायची, आणि पहिला घोट घेऊन तो मला सांगायचा, "रात्र बराबर गेली, शाब." मग सगळा अहवाल. कुणाचा नळ उघडा राहून पाणी वाहून गेलं, कुणाच्या गेटची कडी राहिली होती ती त्यानं लावली, कुणाचा म्हातारा खोकत होता म्हणून खिडकीबाहेर उभं राहून तो त्याच्याशी चार शब्द बोलला. गल्लीची त्याला जेवढी खबर होती तेवढी आम्हाला एकमेकांची नव्हती. मी एकदा म्हटलं, कधीतरी सुट्टी घेत जा. तो गंभीर झाला. "झोपणारानं झोपावं, जागणारानं जागावं. एकानं दोनी केलं की बिघडते, शाब."

तो नेपाळचा. आमची गल्ली बौद्धांची, त्यामुळं माझ्या आईच्या लेखी तो साधा गुरखा नव्हताच. बुद्धपौर्णिमेला घरात खीर झाली की पहिली वाटी त्याची. "बुद्धाच्या मुलखातलं माणूस हाय ते," ती सुनेला दरवर्षी बजावायची. त्यानं तिला बिचारीला समजावून सांगायचा प्रयत्न केला होता. "आई, लुंबिनी खाली मैदानात. आमचं गाव वर डोंगरात. लई वर." आईनं वाटी त्याच्या हातात ठेवली आणि म्हणाली, "असू दे. वारं तर तिकडूनच येत असंल न्हवं?"  तो ओट्यावर बसून खीर संपवायचा, वाटी स्वतः विसळून द्यायचा आणि जाताना आईला वाकून नमस्कार करायचा.

आमच्या गल्लीतलं पोरगं पुण्याला कंपनीत लागलं तरी त्याची आई 'आमचा बाहेर असतो' म्हणून सांगत फिरते. हा माणूस खरोखर परदेशात राहत होता, आणि त्याचं परदेश म्हणजे आमची हिंगोली. परदेशी गेलेल्यांची गाऱ्हाणी आपण ऐकतो, भाषा कळत नाही, जेवण गोड लागत नाही, हवा सोसत नाही. याला त्यातलं काहीच बाधलं नाही. बोलायचा तर आमच्यासारखंच, एक तेवढं 'शाब' सोडलं तर. ज्वारीची भाकरी आणि ठेचा खाऊन तो आमच्याइतकाच खूष असायचा. त्याला बाधलं ते लाईटचं बिल.

त्याची खोली हाजीसाहेबांच्या लाकडाच्या वखारीला टेकून उभी होती. हाजीसाहेब म्हणजे गावातले जुने व्यापारी, बोलायला मृदू, हिशेबाला सरळ. वखारीच्या बाहेरच्या भिंतीवर पूर्वी विजेचं मीटर होतं. पुढं त्याच भिंतीला लावून पत्र्याची खोली काढली आणि मीटर आपोआप खोलीच्या आत आलं, चुलीच्या वर. ते मीटर हाजीसाहेबांच्या वडिलांच्या नावाचं, आता त्यावर एवढी खोलीच चालायची. वडील अल्लाला प्यारे होऊन जमाना झाला होता, पण बिल त्यांच्याच नावानं नेमानं यायचं आणि गुरखा ते नेमानं भरायचा. रीडिंग घेणारा माणूस ओळखीचा होता. तो गल्लीतली बाकीची घरं उरकून शेवटी, मनमाया परत आल्यावर, यायचा, चहा प्यायचा आणि आकडा लिहून न्यायचा. मग ते काम ठेक्यावर गेलं. नवी माणसं भर सकाळी मोटारसायकलवर यायची, मोबाईलवर फोटो काढायची आणि गल्ली पुरी व्हायच्या आत पुढच्या गल्लीत असायची.

एका सकाळी चहा घेताना त्यानं रात्रीचा अहवाल दिला नाही. कोटाच्या खिशातून बिल काढून माझ्यापुढं ठेवलं. मी शाळेत शिकवतो, त्यामुळं गल्लीतला कुठलाही कागद शेवटी माझ्या ओट्यावर येतो. "वाचून सांगा, शाब. आमच्या खोलीत पिठाची गिरणी हाय का?" त्याच्या खोलीत एक दिवा, एक पंखा आणि फोन लावायची एक जागा, एवढाच संसार. मी बिल उलटंपालटं केलं. कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'घर बंद'. रीडिंग मिळालं नाही की ते लोक अंदाजानं बिल काढतात, आणि अंदाज करणाराच्या खिशातून काही जात नसतं. मी त्याला सांगितलं, की रीडिंगवाला येतो तेव्हा दाराला कुलूप असतं. तो विचारात पडला. "कुलूप व्हतं, बराबर हाय," तो म्हणाला. "पण आमी आत व्हतो." आधीची तशीच बिलं त्यानं पोट मारून, चकार शब्द न काढता भरली होती. आता मात्र बिल त्याच्या आवाक्याबाहेर गेलं होतं.

मी वीज कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावला. मराठीसाठी अमुक दाबा, बिलाच्या तक्रारीसाठी तमुक दाबा, आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, मग गाणं, मग पुन्हा आपला फोन महत्त्वाचा आहे. समोर बसून गुरखा ऐकत होता आणि त्या मशीनमधल्या बाईनं धन्यवाद म्हटलं की मान लववत होता. शेवटी एक जिवंत माणूस आला. त्यानं विचारलं, "ग्राहक स्वतः बोलताहेत का?" मी म्हणालो, ग्राहक वारलेत, मी भाडेकऱ्याच्या वतीनं बोलतोय. तो म्हणाला, "ठीक आहे सर. मग ते कधी उपलब्ध होतील?" मी म्हणालो, "कयामतच्या दिवशी." त्यानं फोन ठेवला. मी फोनकडं बघून काय काय बोललो ते इथं लिहीत नाही. गुरख्यानं माझ्यापुढं पाण्याचा तांब्या सरकवला. "रागावू नका, शाब. तोबी ड्युटीवर हाय. त्यालाबी कोनी झोपू देत नसंल."

पुन्हा फोन, पुन्हा गाणं. अखेर एका भल्या मुलीनं तक्रार लिहून घेतली. वापरणाऱ्याचं नाव विचारलं, तेव्हा मी फोन बाजूला धरून गुरख्याला त्याचं नाव विचारलं. टेकबहादूर. इतक्या वर्षांनी हे नाव मला लाईटच्या बिलापायी कळलं. पाठोपाठ माझ्या मोबाईलवर संदेश आला, आपल्या तक्रारीची तपासणी होईल. थोड्याच दिवसांत दुसरा आला, आपली तक्रार बंद करण्यात येत आहे. कारण दिलं होतं, घर बंद.

मग आम्ही कार्यालयात गेलो. तो कोट झटकून, टोपी घालून, काठी घेऊन आला. काठी कशाला म्हणून विचारलं तर म्हणाला, रिकाम्या हातानं सरकारी जागेत जायची सवय नाही. रांगेत उभं असताना तो मधूनच डोळे मिटायचा आणि पुढचा माणूस सरकला की डोळे न उघडता सरकायचा. एका गाडीवाल्यानं त्याला तिथलाच समजून, "ए वॉचमन, ही गाडी सावलीत लाव," म्हणून सांगितलं. गुरखा गेला, गाडी सावलीत ढकलली आणि परत रांगेत आला, तर त्याची जागा गेलेली. मी त्याच्यावर चिडलो. तो म्हणाला, "उन्हात टाकी तापते, शाब." खिडकीतल्या साहेबांनी ऐकून घेतलं. ते म्हणाले, ग्राहकाला घेऊन या, नाहीतर वारसांनी मीटर नावावर करून घ्या, आणि रीडिंग हवं असेल तर रीडिंगवाला येईल तेव्हा घर उघडं ठेवा. तो कधी येईल, असं मी विचारलं. ते आमच्या हातात नाही, ठेका आहे.

हाजीसाहेब स्वतः दोनदा त्या खिडकीवर जाऊन आले. मीटर नावावर करायला सगळ्या भावांच्या सह्या लागत होत्या. एक भाऊ हैदराबादला, एक सौदीत, आणि दोघांचं आपसात बोलणं नाही. "मास्टर, मेरे अब्बा ज़िंदगी में कभी किसी के दरवाज़े पे नहीं गए," ते मला म्हणाले, "और अब उनका नाम ले के मैं खिड़की खिड़की फिर रहा हूँ." गुरख्याच्या नावावर मीटर करावं तर त्याच्याकडं इथला एकही कागद नाही. कागद मिळवायला गेलं की पहिला प्रश्न हाच, राहता त्या जागेचं लाईट बिल आहे का? मी काही रक्कम पदरची घालतो, निदान यातलं अर्धं तरी भरून टाक, असंही मी त्याला सांगून बघितलं. त्याला ते पटलं नाही. "न जाळलेली लाईट भरली म्हंजे आमी जाळली असं व्हते. आन पुढच्या महिन्यात पुन्ना तेच येते." त्यात खोटं काय होतं?

तेव्हा त्यानं ठरवलं, की रीडिंगवाला येईल तेव्हा आपण जागं असायचं. मनमायानं कुलूप लावणं बंद केलं. हा दार सताड उघडं टाकून उंबऱ्यावर बसू लागला. रात्री फेऱ्या, दिवसा उंबरा. नुसतं दार उघडं ठेवून झोप, असं मी म्हटलं, तर त्यानं मान हलवली. त्याची झोप म्हणजे दगड, कुणी दोन हाका मारून गेला तर त्याला कळायचंही नाही. शाळेतून येता-जाता मला तो दिसायचा, पाठ ताठ, डोळे तांबडे, समोरून मोटारसायकल गेली की अर्धा उठायचा. भंगारवाला यायचा, चटईवाला यायचा, इतकी वर्षं चुकवलेले सगळे येऊन त्याच्याशी गप्पा मारायचे. रीडिंगवाला मात्र आलाच नाही. पुढचं बिल आलं ते पुन्हा 'घर बंद'. मागच्या महिन्याचा शेरा कुणीतरी बसल्या जागी उतरवला असणार. गुरखा ते बिल घेऊन माझ्याकडं आला. "शाब, आमी समोर बसलो व्हतो," तो म्हणाला. "आमी दिसत न्हाई काय?"

मे महिन्याच्या तोंडावर त्याची लाईट कापली. आमच्याकडचा मे ज्यानं पाहिलाय त्याला पत्र्याच्या खोलीचं वेगळं सांगायला नको. दुपारी त्या पत्र्याला हात लावला तर हात मागं घ्यावा लागायचा. पंखा होता तोवर तो माणूस झोपत होता, पंखा गेला तशी झोप गेली. शेजारच्यानं भल्या मनानं वायर टाकून लाईट दिली, तर वीजचोरी पकडणाऱ्या पथकानं येऊन त्या शेजाऱ्यालाच गुन्हा नोंदवायचा दम भरला. गुरख्यानं स्वतः वायर गुंडाळून परत नेऊन दिली आणि त्याची माफी मागितली. मग तो झोपेच्या शोधात गावभर हिंडू लागला. रेल्वे स्टेशनच्या बाकावर झोपला तर पोलिसानं उठवलं. मोंढ्यात हळदीच्या पोत्यांच्या सावलीला पडला तर हमालांनी उठवलं, त्यांना पोती हलवायची होती. औंढ्याला नागनाथाच्या मंदिराबाहेर झाडाखाली चांगली सावली आहे म्हणून ऐकून तो तिकडंही जाऊन आला, पण जायला-यायलाच दिवस गेला.

आईनं त्याला आमच्या घरात बोलावलं. बैठकीत कूलर लावला, खाली सतरंजी टाकली. "काहून लाजतोस, लेकरा? झोप इथं," असं म्हणून तिनं दार ओढून घेतलं. त्या दुपारी तो झोपला. संध्याकाळी उठला तर दारात गल्लीतले दोघे माझ्याकडं काही कामानं आलेले, आणि हा सतरंजीवर. तो असा काही शरमला, की जणू चोरी करताना सापडला. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. मी बोलवायला गेलो. "न्हाई, शाब. गुरखा मालकाच्या घरात झोपलेला लोकायला दिसला म्हंजे त्यायची झोप उडते." मी रागावलो, विनवण्या केल्या. आईनं आठवडाभर चहाबरोबर तेच तेच सांगितलं. तो ऐकून घ्यायचा, मान डोलवायचा आणि कोटाची बटणं लावून उन्हात निघून जायचा. त्याचा तो हट्ट मला आजही कळतो आणि आजही त्याचा राग येतो.

चहा पिता पिता आता त्याचा कप कलायचा. अहवालात गाळलेल्या जागा दिसू लागल्या. लोक कुजबुजू लागले, की शिट्टी मधेच बंद पडते, काठीचा आवाज येत नाही. त्या वर्षीच्या बुद्धपौर्णिमेला आईनं त्याला खीर दिली, आणि वाटी हातात धरूनच तो झोपला. तिनं वाटी हळूच काढून घेतली आणि पदरानं त्याला वारा घालत बसून राहिली. नंतर आत आल्यावर ती मला म्हणाली, "तू मास्तर हाईस ना? एवढ्या माणसाला झोपवता येईना व्हय तुला?" 

त्यानंतर गल्लीतली एक मोटारसायकल चोरीला गेली. सकाळी गुरखा वखारीच्या पायरीवर, काठी मांडीवर आडवी घेऊन, झोपलेला सापडला. संध्याकाळी विहाराच्या अंगणात बैठक बसली. मी उठून सगळं सांगितलं, बिल, कुलूप, पत्रा, पंखा. आवाज चढवून सांगितलं. लोकांनी ऐकूनही घेतलं, आमचे लोक वाईट नाहीत. पण ज्याची गाडी गेली होती तो शांतपणे म्हणाला, "मास्तर, सगळं खरं हाय. पण झोपलेल्या गुरख्याचं आमी काय करावं?"  तेव्हा मागं उभा असलेला गुरखा पुढं आला. "त्यायचं बराबर हाय," तो म्हणाला. "गुरखा झोपला म्हंजे गुरखा न्हाई. चूक आमची." त्यानं शिट्टी गळ्यातून काढून सतरंजीवर ठेवली आणि सगळ्यांना एक सलाम करून निघून गेला. इतके जण बसलो होतो, पण त्याला थांब म्हणायला माझ्याशिवाय कुणी उठलं नाही, आणि माझं त्यानं ऐकलं नाही.

नवराबायकोनं गावी जायचं ठरवलं. एसटीनं अकोला, तिथून रेल्वेनं गोरखपूर, मग सीमा ओलांडून वर. वीस-बावीस वर्षांचा मुक्काम उठायला किती वेळ लागावा? दोन पिशव्या भरल्या आणि झालं. मला मात्र राहवेना. उन्हाळ्याची सुट्टी होती. मी रोज सकाळी कार्यालयात जाऊन बसू लागलो. खिडकीतले साहेब मला बघून मान खाली घालायचे. मी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर, तिथून तिसऱ्यावर, आणि प्रत्येक ठिकाणी पहिल्यापासून सांगायचं, की एक माणूस आहे, त्याला बायको कुलूप लावते. लोक हसायचे. मी भीक मागितल्यासारखा बोलायचो, याची मला लाज वाटेनाशी झाली होती. घरी आल्यावर आई माझ्या तोंडाकडं बघायची आणि पाणी द्यायची.

ज्या दिवशी ते जाणार होते, त्याच दिवशी कार्यालयात एक मॅडम भेटल्या, नुकत्याच बदलून आलेल्या. मी सांगत गेलो आणि त्या हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "म्हणजे ते आत झोपलेले असायचे?" मी हो म्हणालो. त्यांनी लगेच फोन करून माणूस पाठवला, मीटरचा फोटो मागवला, माझ्यासमोर बिल दुरुस्त केलं आणि लाईट जोडायला सांगितली. जे काम इतके महिने कुणाच्या हातात नव्हतं ते एवढ्यात झालं, हे बघून मला आनंद व्हायच्या आधी रडू आलं. मी बाहेर येतो न येतो तोच हाजीसाहेबांचा फोन. "मास्टर, लाइट आ गई. पंखा चल रहा है. लेकिन वो लोग तो चाबी मुझे दे के निकल गए."

मी गाडी काढली आणि सरळ बसस्थानक गाठलं. अकोल्याची गाडी फलाटाला लागलेली होती. मी खालूनच खिडक्यांमधून बघत मागं मागं गेलो. मागच्या बाजूला मनमाया दिसली, मांडीवर पिशवी घेऊन. तिच्या अलीकडं, खिडकीशी, तो. डोकं काचेला टेकलेलं, तोंड अर्धवट उघडं, कोटाची बटणं सुटलेली. कर्ण्यावर गाड्यांची नावं पुकारत होते, कुल्फीवाला खिडक्या वाजवत होता, पुढच्या बाकावर कुणाचं तरी लेकरू गळा काढून रडत होतं. त्याला यातलं काही ऐकू येत नव्हतं.

मी आत चढलो. धापा टाकत तिला सांगितलं, "वहिनी, लाईट आली. बिल दुरुस्त झालं. उतरा, गल्लीतल्या लोकांशी मी बोलतो." तिनं सगळं ऐकून घेतलं. नवऱ्याकडं बघितलं, त्याच्या खांद्याकडं हात नेला आणि तसाच मागं घेतला.

"शाब, उठवू नका," ती अगदी हळू म्हणाली. "उठवलं तर तो उतरंल. गल्लीनं बोलावलं तर न्हाई म्हनत न्हाई तो. आन रात्री पुन्ना काठी घेऊन उभा राहील. लई दिसांनी झोपून राहिला. झोपू द्या."

वर्गात झोपलेली किती पोरं मी आजवर उठवली असतील. त्या दिवशी एका माणसाला उठवायला माझा हात धजला नाही. त्यानं उतरावं, असं मला मनापासून वाटत होतं. पहाटेचा चहा, आई, रात्र बराबर गेली म्हणणारा तो आवाज, हे सगळं मला हवं होतं. आणि हे सगळं मलाच हवं होतं, त्याला काय हवं होतं ते समोर दिसत होतं. कंडक्टरनं घंटी वाजवली. "मास्तर, बसायचं का उतरायचं?"

मी उतरलो आणि खिडकीखाली उभा राहिलो. गाडी हलली तसं त्याचं डोकं काचेवर आपटलं. मला वाटलं, आता उठतो. मनमायानं काच आणि डोकं यांच्यामध्ये आपला तळवा घातला आणि तो तसाच झोपून राहिला.